न धुतलेली नळी

मी एक जुनी नळी आहे. मित्रांनो, तुमच्या तंत्रशाळेच्या दालनात, खिडकीजवळच्या काचपेटीत मी पडून असते. मधल्या सुट्टीत तुम्ही काचेला नाक लावून माझ्यात डोकावता आणि म्हणता, "ई, ही आतून किती घाण आहे! हिला धूत का नाहीत?" तुमच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटले असते. शेजारच्या पेटीतले पितळी यंत्र रोज पुसले जाते आणि ते माझ्याकडे कोणत्या नजरेने बघते, ते मला ठाऊक आहे. पण मला मुद्दाम न धुता ठेवले आहे. का, ते सांगते. सांगताना मला लाज वाटणार आहे, तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. जमिनीखालून कच्चे तेल वाहून नेणारी एक लांबच लांब पाइपलाइन आहे. तिच्याच जातीच्या पोलादातून मला घडवले, म्हणून मी तिला थोरली म्हणते. थोरली एवढी जाड, की तिच्यातून एखादे मूल रांगत जाईल. माझ्यातून अंगठा कसाबसा जातो, आणि लांबी म्हणाल तर एका खाटेइतकी. मला घडवले ते वेल्डरकाकांनी. थोरलीचे सांधेही तेच जोडत. त्यांनी माझ्याभोवती दुसरी रुंद नळी चढवली आणि तिच्यातून गार पाणी खेळवायची सोय केली, म्हणजे थोरलीला जमिनीत वाजते तशी थंडी मलाही वाजावी. दोन्ही टोकांना दाब दाखवणारे काटे बसवले. मधला वीतभर तुकडा आटे पाडून सुटा ठेवला, काढून बघता यावा म्हणून. सगळे झाल्यावर त्यांनी उजव्या हाताचे बोट वाकवून मला टकटक केले. टण्ण असा आवाज आला.

"वाजतेय कशी बघा!" ते म्हणाले. "पोरगी खणखणीत आहे."

त्या दिवसापासून मी त्यांची पोरगी झाले. वर्कशॉपमधले लोक त्यांना चिडवत, "काका, हुंडा काय देणार?" काका हसून माझ्यावरून फडके फिरवत.

तिथून मी प्रयोगशाळेत आले. आता माझे काम समजून घ्या. जमिनीतून निघालेले कच्चे तेल गरम असते. त्यात मेण विरघळलेले असते. तेल लांब जाता जाता गार होते आणि मेण पाइपच्या थंड भिंतीला चिकटू लागते. थंडीत बाटलीतले खोबरेल तेल बाटलीच्या कडेपासून गोठत येते ना, तसेच. थोरलीच्या आतले मेण काढायला तिच्यातून एक जाडजूड खरवडणी सोडतात. तेलच तिला मागून ढकलत नेते. कामावरचे लोक तिला पिग म्हणतात. का म्हणतात ते मला विचारू नका, वर्णन ऐकून मला तरी त्यात डुकरासारखे काही वाटले नाही. पिग सोडायचा म्हणजे तेलाचा वेग कमी करावा लागतो, दोन्ही टोकांना माणसे डोळ्यांत तेल घालून बसवावी लागतात. म्हणून साहेब लोकांना तो जितका कमी वेळा सोडावा लागेल तितके हवे असते. पण फार दिवस नाही सोडला, तर मेण साचून थोरली तुंबणार. मग किती दिवस थांबायचे? हे थोरलीला विचारता येत नाही. ते मला विचारत.

थोरलीतले तेल डब्यात भरून आणत आणि माझ्यातून फिरवत. ते किती वेगाने सोडले म्हणजे थोरलीतल्या तेलासारखे वागेल, याचे गणित बाईंनी मांडले होते. मग मधला तुकडा काढून वजन करायचे. त्यात जमलेले चिमूटभर मेण आकडा होऊन संगणकात जाई, आणि पडद्यावर थोरलीच्या पुढच्या सबंध मोसमाचे भविष्य एका वाकड्या रेघेत उमटे. मी थोरलीला कधी पाहिले नाही, पण तिच्या पोटात काय चालले आहे हे सांगणारी मी होते. या गोष्टीचा मला फार तोरा होता.

बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. उंच, हडकुळ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. खोलीत कुणी नसले की त्या माझ्याशी बोलत. "काय गं, आज तोंड का फुगलंय?" असे म्हणून माझा काटा बघत. प्रत्येक प्रयोगानंतर मला गरम द्रावणाने आतून धुवावे लागे. त्या द्रावणाचा वास उग्र. बाईंना दम्याचा त्रास होता, तरी दुसऱ्या कुणाला त्या हात लावू देत नसत. बारीक ब्रश घेऊन, नाकाला ओढणी बांधून स्वतःच घासत बसत आणि मधेच खोकल्याची उबळ आली की भिंतीला टेकत.

तेलाचे डबे घेऊन यायचा तो बाईंचा धाकटा भाऊ. थोरलीच्या मधल्या टप्प्यावर पंप स्टेशन आहे, तिथे तो कामाला होता. आई लवकर गेली, म्हणून बाईंनीच त्याला वाढवलेले. डबा पोचवायला गाडी होती, पण तो सुट्टीच्या दिवशी स्वतः घेऊन यायचा. मग दोघे जिन्यात बसून एका डब्यातले जेवत आणि शेवटच्या घासावरून भांडत. मला ते ऐकायला आवडे.

एकदा तो आला तेव्हा बाई मला धूत होत्या. उबळ अशी आली की त्या खाली फरशीवरच बसल्या आणि त्यांना शब्द फुटेना. धाकट्याने त्यांची पाठ चोळली, औषधाचा फवारा शोधून दिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, हे घासायला दुसरं कुणी नाही का?"

"दुसऱ्याच्या हातचं मला पटत नाही रे."

"आणि तुला काही झालं म्हणजे?"

"मला काय धाड भरलीय? पाणी दे."

त्याने पाणी दिले आणि माझ्याकडे रागाने पाहिले. मला तेव्हा वाटले, याला माझा राग येणे साहजिक आहे.

त्यानंतर आलेला डबा वेगळा होता. तेल माझ्यात शिरले आणि पहिल्या घोटातच मला कळले. हलके, पातळ, अंगाला न चिकटणारे. गार पाणी फिरत राहिले, मी थंड पडले, पण भिंतींवर काही धरेना. प्रयोग संपल्यावर बाईंनी मधला तुकडा काढला, वजन केले, पुन्हा केले.

पुढच्या खेपेला त्यांनी भावाला विचारले, "तेल बदललं का रे तुमच्याकडे?"

"नव्या विहिरीचं मिसळतायत," तो डब्याचे झाकण उघडत म्हणाला. "पातळच आहे ते."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. आणि खरेच बरे झाले. आता मला धुवायला फारसे घासावे लागत नव्हते. बाईंचा खोकला कमी झाला. त्या काम करताना गुणगुणू लागल्या. डबा आला की आधी तो ऊन पाण्यात ठेवून खळखळून हलवायची त्यांची पद्धत होती, म्हणजे तळाला बसलेले मेण वर येते. तीही हळूहळू मागे पडली. पातळ तेल काय हलवायचे?

मित्रांनो, मी बोलू शकत नाही हे खरे. पण मला वाईटही वाटले नाही, हे त्याहून खरे. साहेब आले, माझ्या आत विजेरी मारून पाहिले आणि म्हणाले, "आरशासारखी आहे हो!" माझा फोटो काढून कचेरीत लावला. नळीला मांस नसते, तरी माझ्या अंगावर मूठभर चढले. पातळ तेल पिऊन स्वच्छ राहण्यात माझा कसला पराक्रम? पण मी शेफारले होते. संगणकाने माझा आकडा घेतला आणि रेघ खाली आणली. पिग पूर्वीपेक्षा कितीतरी उशिरा सोडला तरी चालेल, असे ठरले. कागदावर बाईंची सही झाली. मी मूग गिळून बसले.

थंडीचा मोसम सरत आला तेव्हा थोरलीत पिग सोडला. पुढचे मी पाहिले नाही. प्रयोगशाळेत आल्यापासून मी त्या खोलीबाहेर कधी गेलेच नव्हते. लोकांच्या बोलण्यातून जे कळले ते सांगते. पिगने मेण खरवडत पुढे ढकलले आणि ते एवढे साचले की त्याचा घट्ट बोळा झाला. पिग अडकला. पंप बंद केले. खणून थोरली उघडी केली आणि ती कापायला वेल्डरकाकांना बोलावले. कापण्याआधी काकांनी दाबाचा काटा पाहिला. तो शून्यावर होता. शून्यावर होता, कारण काट्याकडे जाणारी बारीक वाटच मेणाने बुजली होती. आत दाब कोंडलेला होता. काकांनी कटर चालवला, पोलादाला चीर पडली आणि आतले सगळे एकदम बाहेर आले. कटर उसळून काकांच्या उजव्या हातावर बसला.

हात वाचला, पण बोटे गेली. ज्या बोटाने त्यांनी मला वाजवून पाहिले होते, तेही गेले.

एवढ्यावर थांबले असते तरी मी स्वतःला माफ केले नसते. पण पुढे आणखी वाईट झाले. चौकशी बसली. समितीचे लोक प्रयोगशाळेत येऊन पडद्यावरची माझी रेघ पाहून गेले. त्यांचे म्हणणे सरळ होते. संगणकातले मॉडेल, म्हणजे ती रेघ, सांगते की मेण थोडेच होते. मग पिग मेणाने अडकला नाही. तो कशाला तरी आधी अडला आणि मग त्याच्यापुढे मेण साचले. आणि अडकला त्या जागेजवळ कुणाचा सांधा होता? वेल्डरकाकांचा. सांध्याला आतून ओठ, म्हणजे वितळून पुढे आलेली धातूची कड, सुटला असणार. तो सांधा चीर पडताना फाटून गेल्यामुळे तपासता येईना. झाले, सगळे खापर काकांच्या डोक्यावर.

काका बिछान्यावरून एवढेच म्हणाले म्हणे, "बोटं गेली ती गेली. पण माझ्या सांध्याला ओठ नसतो." आयुष्यभर जोडलेले सगळे सांधे आता संशयाच्या नजरेने तपासले जाणार होते. आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष कुणाची? त्यांच्या पोरगीची.

एका दुपारी धाकटा आला. पहिल्यांदाच रिकाम्या हाताने.

"डबा कुठाय?" बाईंनी विचारले.

"नाही आणला." तो दारातच उभा राहिला. "ताई, नवी विहीर नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे तसलं काही नाहीच. मी वाहत्या लाइनवरून भरतच नव्हतो. स्टेशनातल्या टाकीच्या वरच्या तोटीतून भरायचो. मेण तळाला बसतं ना, वरचं पातळ मिळतं." त्याचा आवाज चिरकला. "तू त्या दिवशी फरशीवर बसलीस. मला बघवेना."

बाई खुर्चीत बसल्या. चष्मा काढून नुसताच हातात धरला.

"मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं होतंस, गाढवा!" त्या ओरडल्या. मग चष्मा टेबलावर ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "तू फसवलंस, पण मी फसून घेतलं. डबा हलवून बघितला असता तर तळाला मेण मुळीच नाही हे दिसलं असतं, आणि मिसळलेल्या तेलात थोडं तरी मेण हवंच, हे कळलं असतं मला. मी हलवणं सोडून दिलं. श्वास नीट येत होता ना. बरं वाटत होतं मला."

"तुला काही माहीत नव्हतं, असंच मी सांगणार आहे. नोकरी माझी जाऊ दे."

"काकांचं नाव जातंय आणि तू माझ्या नोकरीचं काय घेऊन बसलायस? दोघांनी सांगायचं." त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "पण आधी हिला बोलू दे. नुसत्या आपल्या बोलण्यावर कुणी रेघ बदलणार नाही."

बाईंनी प्रयोग पुन्हा करून दाखवायची परवानगी मागितली आणि समिती पुन्हा आली. खुर्च्या मांडल्या. काकांनाही बोलावले होते. त्यांचा हात गळ्यात बांधलेला होता. धाकट्याने समितीच्या एका माणसासमोर वाहत्या लाइनवरून गरम तेल भरून घेतले होते आणि डबा रजईत गुंडाळून आणला होता. बाईंनी तो ऊन पाण्यात ठेवला आणि सगळ्यांदेखत खळखळून हलवला. मग तेल माझ्यात सोडले.

किती दिवसांनी खरे तेल प्यायले मी! जड, काळे, चिकट. गार पाणी फिरू लागले तसे मेण माझ्या भिंतींना धरू लागले. थरावर थर चढत गेले. तेल जाईना, काटा वर सरकू लागला, मला कोंडल्यासारखे झाले. मला दुखत होते आणि मी मनात म्हणत होते, अजून, अजून चिकट. समितीच्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. बाईंनी रुमाल लावला नाही.

सुटा तुकडा काढला. जिथून अंगठा जायचा तिथून आता पेन्सिलही जाईना. बाईंनी तो तुकडा काकांसमोर धरला. काकांनी एक डोळा मिटून आत पाहिले.

"एवढं मेण असल्यावर सांधा कशाला लागतो अडायला?" ते म्हणाले. "सरळ पाइपातसुद्धा अडकला असता."

"मग इतके दिवस मॉडेल वेगळं का सांगत होतं?" समितीतल्या साहेबांनी विचारले.

धाकटा उभा राहिला. त्याने सगळे सांगितले. साहेबांनी विचारले, "कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"कुणाच्याच नाही. ताईला दम लागायचा म्हणून."

मग बाई उठल्या आणि त्यांनी डबा न हलवल्याचे सांगितले. कुणी त्यांना विचारले नव्हते. धाकटा काकांसमोर जाऊन वाकला, तेव्हा काकांनी डावा हात वर केला.

"बहिणीसाठी केलंस, ते कळलं मला. पण आता माफी मागू नकोस. आत्ता नाही जमायचं मला."

सांध्यावरचा ठपका पुसला गेला. धाकट्याची नोकरी गेली. बाईंनी राजीनामा दिला. संगणकातली जुनी रेघ खोडून नवी आली आणि पिग पुन्हा वेळेवर सुटू लागला. मला धुवायला नवा माणूस ब्रश घेऊन आला, तेव्हा बाई आपले सामान आवरत होत्या. त्या म्हणाल्या, "हिला धुऊ नका." त्यांनी सुटा तुकडा तसाच मेणासकट परत बसवला आणि माझी दोन्ही तोंडे काचेच्या झाकणांनी बंद केली. पुढे प्रयोगशाळेला नवी नळी आली आणि मला तुमच्या शाळेत पाठवले.

योगायोग असा, की वेल्डरकाका आता इथेच शिकवतात. तुम्ही त्यांना ओळखता, ते डाव्या हाताने फळ्यावर वाकडेतिकडे लिहितात म्हणून तुम्ही हसता. मागच्या आठवड्यात बाई आल्या होत्या. सोबत धाकटाही होता. त्याचे केस विरळ झाले आहेत आणि तो कुठल्याशा गॅरेजमध्ये काम करतो. तो माझ्या पेटीसमोर मान खाली घालून उभा होता. तेवढ्यात काका वर्गातून बाहेर आले. बगलेत फळ्याची मोठी पट्टी, डाव्या हातात अवजारांची जड पिशवी. दोघे समोरासमोर आले. बाईंनी श्वास रोखून धरला होता, आणि माझ्यात श्वास असता तर मीही धरला असता.

काकांनी त्याच्याकडे न बघता पिशवी पुढे केली. "वर्कशॉपपर्यंत ने," ते म्हणाले. "जड आहे, नीट धर."

धाकट्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

जाण्याआधी काकांनी काचपेटी उघडली आणि डाव्या हाताचे बोट वाकवून मला टकटक केले. टण्ण वाजले नाही. आत मेण असल्यावर वाजणार कसे? बद्द असा आवाज आला. काकांनी तो ऐकला आणि पेटी हळूच बंद केली. त्यांच्या मनात काय आले, मला माहीत नाही. मला मात्र त्या बिनबोटांच्या हाताकडे बघवले नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कुणी आपल्यावर माया करत असेल तर त्याने आणून दिलेला डबाही एकदा हलवून बघा. आणि तुम्ही माया करत असाल तर त्या माणसाला विचारून करा, त्याला न सांगता त्याच्यापुरते जग पातळ करू नका. मला आरशासारखी म्हणणारे पुष्कळ भेटले, तेव्हा मी खोटी होते. आता तुम्ही मला घाण म्हणता, तर म्हणा. सुट्टीत साफसफाईला कुणी फडके घेऊन माझ्याकडे आलेच, तर त्याला सांगा, हिला राहू दे.